काही फलंदाज इतके देखणे, इतके सहज कसे खेळतात? ही जन्मजात देणगी असते की शिकवता येते?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मुलगा बारा वर्षांचा आहे, बघणारे सगळे 'काय नॅचरल खेळतो' म्हणतात आणि त्याचे कोच मात्र त्याला आळशी म्हणतात. मी काही कोच नाही. कॉलेजच्या टीममध्ये तीन वर्षं होतो, तेवढंच. पण 'नॅचरल' आणि 'आळशी' हे दोन शब्द एका दमात ऐकले की मला माझा मेव्हणा आठवतो, आणि मग माझ्याने गप्प बसवत नाही.

मेव्हणा परळचा. मुंबईच्या पावसाळी कांगा लीगच्या कुठल्यातरी खालच्या डिव्हिजनमध्ये बरीच वर्षं खेळला. भर पावसाळ्यात, ओल्या विकेटवर, गवतात अडकणाऱ्या चेंडूंवर काढलेल्या बावीस-पंचवीस धावा तो अजून सांगतो, आणि त्याचा त्याला हक्क आहे. त्याचं तत्त्वज्ञान एका ओळीचं: 'घाम दिसला पाहिजे, भाऊजी.' मी नागपूरचा. आमचं भांडण आहे वसीम जाफर या मुंबईच्या सलामीच्या फलंदाजावरून, आणि ते साधारण दहा वर्षं चालू आहे. त्याचं म्हणणं, जाफरला देवाने हातात दिलं होतं म्हणून तो एवढं खेळला आणि मेहनत नव्हती म्हणून 31 कसोटींवर थांबला. शिवाय 'आमचा माणूस तुम्ही पळवलात' हे वेगळंच. (पळवला नाही. 2015 मध्ये मुंबई सोडून तो स्वतःहून विदर्भाकडे आला.)

मार्च 2018. विदर्भ पहिल्यांदा रणजी जिंकून बसलेला, इंदूरच्या फायनलमध्ये विजयी फटका जाफरच्याच बॅटमधून निघालेला, आणि आता नागपूरबाहेर जामठ्याच्या मैदानावर शेष भारताविरुद्ध इराणी करंडक. मेव्हणा पाडव्यासाठी चार दिवस आधीच आमच्याकडे आला होता. पहिल्या दिवसअखेर जाफर नाबाद 113. मी एका पतसंस्थेत काम करतो, आणि मार्च एंडिंगला पतसंस्थेत सुट्टी मागणं म्हणजे काय ते ज्याने मागितली त्यालाच माहीत. गुरुवारी सकाळी साहेबांना फोन करून ताप आहे म्हणून सांगितलं, मेव्हण्याला गाडीवर मागे बसवलं आणि वर्धा रोड पकडला.

जामठ्याचं स्टेडियम हजारोंचं, आणि त्या दिवशी आम्ही विखरून बसलेली मोजकी डोकी. ऊन असं की खुर्चीला हात लावला तर चटका. डोक्याला ओला रुमाल बांधून बसलो. पण रिकाम्या स्टेडियमचा एक फायदा असतो, तो टीव्हीवरही मिळत नाही आणि भरलेल्या मैदानातही नाही. बॅटचा आवाज ऐकू येतो. तुम्हाला खरं सांगतो, दुसऱ्या टोकाच्या फलंदाजाचे फटके 'ठाक' वाजत होते. जाफरचे 'टक'. एखाद्याने पेटीचं झाकण हळूच लावावं तसा आवाज, आणि चेंडू तोवर मिडविकेटच्या दोरीला. मी डोळे मिटून चार-पाच चेंडू ऐकले. खेळतोय कोण ते न बघता सांगता येत होतं. मेव्हणा म्हणाला, 'झोपलात का?'

एक फ्लिक मला अजून आठवतो. चेंडू पॅडवर होता, थोडा पुढे. माझ्यासारखा माणूस तो पायासमोरच खेळायला जातो, बॅट आडवी येते आणि पायचीत होतो. जाफरने काहीच केलं नाही असं वाटलं. डोकं चेंडूवर वाकलं, पाऊल वीतभर पुढे पडलं, आणि चेंडू अगदी पॅडला लागायला आला तेव्हा मनगटं वळली. बास. खांदे जागच्या जागी. पुढे धावायलाही तो निघाला नाही, कारण गरज नव्हती. मी 'आहा' म्हणालो, आणि मेव्हणा म्हणाला, 'बघा, हेच. काही करतच नाही तो.'

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, थोडं तरी. काही करत नाही असं दिसतं कारण जे करायचं ते त्याने आधीच करून ठेवलेलं असतं. वेगवान गोलंदाजाचा चेंडू हातातून सुटून तुमच्यापर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही. त्यातला टप्पा कुठे पडणार हे ज्याला आधी कळतं, त्याच्याकडे उरलेला वेळ शिल्लक राहतो. आपण ज्याला देखणेपण म्हणतो तो हा शिल्लक वेळ आहे. ज्याच्याकडे वेळ नाही तो घाईत हात फेकतो, आणि ते आपल्याला कष्ट वाटतात. टप्पा ओळखण्याची नजर काही पोरांना लवकर येते, हे मान्य, त्याला देणगी म्हणा हवं तर. पण उशिरा खेळायचं धाडस, खालचा हात सैल ठेवायची सवय, डोकं हलू न देणं, हे हजारो चेंडू खेळल्याशिवाय येत नाही. शाळेपासून आझाद मैदानावर राबलेला माणूस आहे तो. वडील बेस्टच्या बसवर ड्रायव्हर. रणजीतल्या दुसऱ्याच सामन्यात, 18 व्या वर्षी, सौराष्ट्राविरुद्ध नाबाद 314. तिथून पुढे 260 प्रथमश्रेणी सामने, 19,410 धावा, 57 शतकं. आळशी माणूस 260 सामने खेळतो का हो? नुसता नॅचरल असता तर तिशीत कंटाळून कॉमेंट्री करायला लागला असता.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. तो चेंडू सोडायचा कसा! त्या दिवशी समोर अश्विन होता, नवीन चेंडूवर सिद्धार्थ कौल होता. बाहेरचा चेंडू आला की बॅट वर घेऊन, मान वळवून, चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात जाईपर्यंत बघत राहायचा. प्रत्येक वेळी तसंच, चाळीस डिग्रीच्या आसपासच्या उन्हात, दीडशे झाले तरी आणि अडीचशे झाले तरी. मुंबईवाले ज्याला खडूस म्हणतात ना, सहजासहजी विकेट न देणारा, ते हे. मी मेव्हण्याला तेच सांगून राहिलो होतो की बाबा, तुझ्या परळ-दादरचा खडूसपणाच आहे हा, फक्त इस्त्री केलेला. तो म्हणाला, 'सोडणं म्हणजे बॅटिंग नव्हे.' कांगा लीग खेळलेला माणूस हे म्हणतो! मी डब्यातला चिवडा त्याच्यापासून लांब ठेवला.

दिवसअखेर नाबाद 285. एका दिवसात 172 धावा, वय चाळीस वर्षं आणि एक महिना. परत येताना मेव्हणा गाडीवर एक शब्द बोलला नाही. मी म्हटलं, उद्या तीनशे. दोघंही जाऊ.

आता माझं दुर्दैव बघा. रिकाम्या स्टेडियममध्ये कॅमेरावाल्याला प्रेक्षक दाखवायचे तर दाखवणार कोण? शुक्रवारी सकाळी रजेचा अर्ज द्यायला म्हणून पतसंस्थेत डोकावलो, तर साहेब म्हणाले, 'या. ताप उतरला का? नाही, काल टीव्हीवर डोक्याला ओला रुमाल होता तुमच्या, म्हणून काळजी वाटली.' अख्खा स्टाफ हसत होता. मी निमूटपणे खुर्चीत बसलो आणि थकीत कर्जांची यादी उघडली.

जामठ्याला मेव्हणा एकटा गेला. थोड्या वेळाने त्याचा फोन. 'गेला. 286. कौलने बोल्ड.' आदल्या दिवसाच्या धावसंख्येत एक धाव घालून. 431 चेंडू, 34 चौकार, एक षटकार, आणि तीनशेला चौदा कमी. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, 'चौदा, भाऊजी. तेवढाच घाम कमी पडला.'

हे वाक्य मला आजपर्यंत पचलेलं नाही. 431 चेंडू खेळलेल्या माणसाला घाम कमी पडला म्हणे. विदर्भाने 800 वर डाव सोडला, पाडव्याच्या दिवशी पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक घेतला, आणि आमच्या घरी मात्र चौदाचा पाढा चालला होता. शनिवारी रात्री आत्याने सावजी मटण आणि लांब रोटी केली होती. तुम्ही नागपूरकडचे नसाल तर सांगतो, पातळ सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत ताणायची आणि उलट्या मडक्यावर टाकायची. आत्या हे करताना बोलत असते, शेजारणीच्या सुनेबद्दल चौकशी करत असते, हाताकडे बघतसुद्धा नाही. मी मेव्हण्याला म्हटलं, ऊठ, तू कर. आत्याला घाम नाही आला, म्हणजे सोपंच असणार. त्याने केली. अर्धी कणीक कोपरावर, अर्धी चुलीत. आत्याने कपाळाला हात लावला. एवढं होऊनही पठ्ठ्या म्हणतो, 'रोटी आणि बॅटिंग एक असतं का कुठे?' बरोबर आहे, नसतं. पण तेव्हा मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मेव्हण्याच्या बाजूचंही थोडं आहे. 2007 च्या शेवटी ईडन गार्डन्सवर पाकिस्तानविरुद्ध जाफरने 202 केल्या, पहिल्या दिवसअखेरच 192 वर नाबाद होता. लगेच ऑस्ट्रेलियाला गेला, तिथे वेगवान ब्रेट लीसमोर तीन कसोटींतल्या सहा डावांत एकदाही वीसच्या पुढे जाऊ शकला नाही. एप्रिल 2008 नंतर तो पुन्हा भारताकडून कसोटी खेळला नाही. उशिरा खेळणाऱ्याचं हेच दुखणं असतं. चेंडू अजून थोडा वेगात आला, अजून थोडा उसळला, की तेच मऊ हात स्लिपला झेल देतात, आणि देखणा माणूस आउट झाला की निष्काळजी वाटतो. धडपड्या माणूस आउट झाला तर 'बिचारा, प्रयत्न केले'. इंग्लंडच्या डेव्हिड गॉवरने 117 कसोटींत 8231 धावा केल्या, तरी आयुष्यभर त्याने हेच ऐकलं. धावा 44 च्या सरासरीने, तोंडावर शब्द 'कॅज्युअल'. हा अन्याय आहे, आणि तुमचे कोच, माफ करा, तोच करत असावेत असं मला वाटतं. मी त्यांना पाहिलेलं नाही, मुलालाही नाही, तेव्हा एवढं जोरात बोलू नये खरं तर.

उलट बाजूही सांगतो, कारण ती मी स्वतः आहे. मीही देखणा खेळायचो. कॉलेजात माझा कव्हर ड्राइव्ह बघायला पोट्टे कट्ट्यावरून उठून यायचे. तीन वर्षांत एकच अर्धशतक. 'काय सुंदर खेळला बे' असं पंधरा-वीस धावांवर आउट होऊन ऐकत राहिलो आणि त्या कौतुकावरच पोट भरलं. बाहेरचा चेंडू सोडायला मला कुणी शिकवलं नाही. शिकवलं असतं तर शिकलो असतो की नाही, तेही सांगता येत नाही. म्हणून मुलाला शॉट खेळला की टाळ्या वाजवू नका, चेंडू सोडला की वाजवा. नेट्समध्ये किती चौकार मारले ते विचारू नका, किती चेंडू खेळलास ते विचारा. त्याचे हात मात्र बदलू देऊ नका कुणाला. आणि 'नॅचरल आहे' म्हणणाऱ्या काकांना त्याच्यापासून जरा लांबच ठेवा, माझ्या वेळी तेच काका होते.

बाकी शैली शिकवता येते का, याचं सरळ उत्तर मला माहीत असतं तर मी पतसंस्थेत नसतो.

जाफर त्यानंतरही थांबला नाही. पुढच्या मोसमात रणजीत 1037 धावा, विदर्भाचं सलग दुसरं विजेतेपद. 7 मार्च 2020 ला निवृत्त झाला. त्या रात्री साडेदहाला मेव्हण्याचा फोन आला. मला वाटलं घरी काही झालं. तो म्हणाला, 'आमचा जाफर रिटायर झाला, भाऊजी.' मी म्हटलं, 'आमचा.' तो म्हणाला, 'तुमच्याकडे पाच वर्षं होता, आमच्याकडे अठरा-एकोणीस.' त्यावर मी 2006 काढलं, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध त्याने पहिलं कसोटी शतक ठोकलं ते नागपुरातच, आणि पाचव्या दिवशी मी स्वतः तिथे होतो. तो म्हणाला, तेव्हा तुम्ही सचिन कधी येतो याची वाट बघत होतात, खोटं बोलू नका. अर्धा तास चाललं. शेवटी बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला विचारलं, जेवलास का. नाही म्हणाला.