‘माणूस’ पुरुषांच्या सातबाऱ्यावर कोणी चढवला?

पाचोऱ्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न: मानवी हक्क दिनाला, १० डिसेंबरला, शाळेच्या फलकावर ‘सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान आहेत’ असं लिहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, माणूस म्हणजे पुरुष, ‘व्यक्ती’ करा. कोण बरोबर?

बाई, तुम्ही. ‘माणूस म्हणजे पुरुष’ हे हल्ली भाषणाभाषणांतून ऐकू येतं आणि डोकं उठतं. मग ‘बाईमाणूस’, ‘गडीमाणूस’ कशाला लागले असते? ‘आपलं माणूस’, ‘म्हातारं माणूस’ म्हणताना सरळ नपुंसकलिंग येतं, आणि अनेकवचन तर ‘ती माणसं’च. शिवाय ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी आहे, त्याबद्दल एकाही पुरुषाची तक्रार ऐकली नाही.

घोळ इंग्रजीतला. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात ‘ऑल मेन’ होतं. त्यात बायका आल्याच, असं मसुदा समितीच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांचंही म्हणणं. भारत सरकारच्या प्रतिनिधी हंसा मेहता अडून बसल्या आणि पहिल्या कलमात ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ आलं. भारताच्याच प्रतिनिधी लक्ष्मी मेनन यांचा आग्रह वेगळा: प्रस्तावनेत ‘स्त्री-पुरुषांचे समान हक्क’ असं स्पष्ट म्हणा. तेही झालं. पण त्याच दिल्लीने स्त्रियांविरुद्धचे भेदभाव संपवण्याच्या करारावर १९८० मध्ये सही केली आणि मंजुरी द्यायला १९९३ उजाडलं. तीही कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्याच्या संमतीवाचून हात घालणार नाही, अशी पुस्ती जोडून. असो, हे व्याकरणात बसत नाही.

खरी मौज पुढे. हंसाबेनचं घराणं सुरतेचं, म्हणजे आपली तापी जिथे समुद्राला मिळते तिकडचं; आणि वडिलांचं नाव मनुभाई! ‘मानुष’ मनूपासून, असं पाणिनी सांगतो. त्या ‘मानुष’चा आपला ‘माणूस’. पाणिनीचे भक्त इथेच दुकान बंद करतात. यास्काचं निरुक्त, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीचा जुना ग्रंथ, उघडायचे कष्ट कोण घेणार? तो म्हणतो, ‘मत्वा कर्माणि सीव्यन्ति’: विचार करून कामं शिवतात, म्हणून मनुष्य. मनूचा पर्याय तोही देतो, पण मागाहून, आधी शिवण. आता पाचोऱ्यापासून शहाद्यापर्यंत दुपारी ओट्यावर जुन्या लुगड्यांचे थर अंथरून, कडेपासून आत आत धावदोरा घालत गोधडी कोण शिवतं? यास्काच्या हिशेबाने मनुष्य आधी ती. गडीमाणसाला सुईत दोरा ओवता आला तर त्याचाही विचार करू. प्राध्यापक मंडळी लोकव्युत्पत्ती, म्हणजे नुसत्या आवाजावरून जुळवलेलं मूळ, म्हणून नाक मुरडतील. मुरडोत. मला तर मनू हा पूर्वजच शब्दावरून मागाहून बेतलेला वाटतो.

आणि आपल्या अहिराणीत मुलगा ‘आंडोर’, मुलगी ‘आंडेर’. फरक एका कान्याचा.

हां, फलक. ‘माणसे’ राहू द्या. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत ‘जन्मता’ दिसतंय; तिथे विसर्ग द्या.