टँकरच्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाका असं सांगूनही वस्तीतले लोक टाकत नाहीत, काय करावं?

पत्रकं वाटणं आधी थांबवा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण वाढल्यावर पाणी उकळून प्या हे पुण्यात घरोघरी पोचलं होतं. माहिती असते, सवय नसते.

खरी अडचण वासाची. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, मग लोक दोन गोळ्या टाकतात, पाणी औषधासारखं लागतं आणि सगळंच बंद पडतं. म्हणून आधी तीनपदरी सुती फडक्याने गाळायचं, मग गोळी. पाकिटावर किती लिटरसाठी ते बघा. २० लिटरची गोळी कळशीत टाकली की वास येणारच. नंतर अर्धा तास झाकून ठेवा. सकाळच्या घाईत हा अर्धा तास कोणी थांबत नाही, त्यामुळे पाणी रात्रीच भरून ठेवलेलं बरं. गोळ्यांचं पाकीट कपाटात नको, पिंपाशेजारी खिळ्याला टांगा.

ओटी टेस्ट, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात थेंब टाकून क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी, बायकांच्या हातात द्या. क्लोरीन असलं की नमुना पिवळा होतो; तो स्वतः पाहिला की विश्वास बसतो, भाषणाने नाही.

आणि हो, पेला बुडवणारा हात! पिंपाला तोटी बसवा, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.