नवा पेलेट स्मोकर घेतलाय, त्यासाठी कोणत्या ॲक्सेसरीज खरंच कामाला येतात?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: डॅलसजवळ घर, परसात नवाकोरा पेलेट स्मोकर (दाबलेल्या लाकडी भुशाच्या छोट्या तुकड्यांवर, म्हणजे पेलेटवर चालणारं, धुरात अन्न शिजवायचं यंत्र), खर्चाची मर्यादा दोनशे डॉलर, दुकानात ॲक्सेसरीजची अख्खी भिंत, आणि घरी येणाऱ्या मित्रमंडळींत निम्मे शाकाहारी. काय घ्यायचं, काय सोडायचं?

मी ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीत राहतो. स्मोकर घेऊन पाचवं वर्ष चालू आहे. पहिल्या दोन महिन्यांत त्या भिंतीवरचं बरंचसं मी उचलून घरी आणलं होतं. त्यातलं निम्मं आज गराजमध्ये एका खोक्यात पडलंय. बायको त्याला 'संग्रहालय' म्हणते. तेव्हा उत्तर अनुभवाचंच आहे, आणि तो अनुभव महागात पडलेला आहे.

आधी यंत्र कसं चालतं ते दोन ओळींत सांगतो, कारण काय घ्यायचं ते त्यावरच ठरतं. हॉपरमधले, म्हणजे बाजूच्या पेटीतले पेलेट ऑगर पुढे ढकलतो. खिमा करायच्या यंत्रात पिळाचा दांडा असतो ना, तसाच हा. पेलेट फायरपॉटमध्ये, म्हणजे ते जिथे जळतात त्या वाटीत पडतात, एक तापलेली कांडी त्यांना पेटवते, पंखा वारा घालतो आणि कंट्रोलर तापमान बघून किती पेलेट सोडायचे ते ठरवतो. ओरेगनमधल्या ट्रेगर कुटुंबानं 1980 च्या दशकात हे आणलं. 2006 साली त्यांचं पेटंट संपलं आणि मग बाजारात एकच गर्दी झाली. यंत्रं वाढली तशी त्यांच्याभोवतीची खेळणीही वाढली. यंत्राची गरज मात्र तेवढीच राहिली: कोरडे पेलेट, मोकळा फायरपॉट आणि खरं तापमान.

म्हणून पहिली खरेदी थर्मामीटरची. एक नाही, दोन. (खाली सगळे अंश फॅरेनहाइट, कारण आपल्या यंत्रांवर तेच असतात.) स्मोकरच्या पडद्यावर 225 दिसतंय म्हणजे जाळीवर 225 आहे असं समजू नका. यंत्राचा सेन्सर एका कोपऱ्यात असतो, तुमचं मांस दुसरीकडे. हे फुकटात तपासता येतं. 350 वर तापवा, पांढऱ्या ब्रेडचे स्लाइस पूर्ण जाळीवर पत्ते मांडल्यासारखे मांडा आणि आठ-दहा मिनिटांनी उलटून बघा. माझ्याकडे उजवीकडचे मागचे दोन स्लाइस काळे पडले होते आणि पुढचे डावीकडचे अगदी आजारी माणसाला द्यावेत असे फिके. त्याचा फोटो काढून ठेवलाय. कोंबडीच्या तंगड्या कुठे ठेवायच्या आणि मासा कुठे, हे मी अजून त्या फोटोवरून ठरवतो.

दोन थर्मामीटरांपैकी एक झटपट वाचणारा, मांसात टोचला की दोन-तीन सेकंदांत आकडा सांगणारा. शंभरेक डॉलरचा थर्मापेन उत्तमच आहे, पण माझा पंचवीस डॉलरचा चार वर्षं चाललाय. आणल्यावर ग्लासभर बर्फात थोडं पाणी घालून त्यात टोक बुडवा, 32 दाखवायला हवं. दुसरा दोन तारांचा: एक सळई मांसात, दुसरी क्लिपनं जाळीवर, आणि झाकण बंद ठेवून बाहेर बसून बघायचं. हा नसला की माणूस दर वीस मिनिटांनी झाकण उघडतो. तसं केलं की उष्णता जाते आणि यंत्र ती भरून काढायला पेलेट ओतत बसतं. कोंबडी 165 ला खायला सुरक्षित होते, पण मांडी आणि तंगडी 175-180 पर्यंत नेली तर हाडाजवळचं मांस सुटं होतं. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, सळईलाच कळतो. बिनतारी सळया दिसायला छान, पण आधी तारवाला घ्या. त्याची बॅटरी संपली तर दुकानात मिळते.

आता पेलेट कोरडे ठेवण्याचं. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण इथेच माझं नाक कापलं गेलं. एका एप्रिलमध्ये चार दिवस पाऊस लागला. स्मोकरवर कव्हर होतं, त्यामुळे मी निश्चिंत. हॉपरमध्ये मागच्या वेळचे अर्धी पिशवी पेलेट तसेच होते. शनिवारी दहा माणसं जेवायला, सकाळी यंत्र सुरू केलं. पंखा फिरतोय, ऑगरची मोटर घुं घुं करतेय आणि मग एकदम गप्प. प्लग काढला, हॉपर रिकामा केला, तर तळाशी पेलेट नव्हतेच, होता तो भुसा. दमट हवेनं ते फुगले, फुटले आणि ऑगरच्या पिळांत सिमेंटसारखे बसले. लांब स्क्रूड्रायव्हरनं खरवडत दोन तास मी परसात पालथा पडलो होतो. पाहुण्यांनी त्या दिवशी ओव्हनमधली कोंबडी खाल्ली आणि 'धुराचा वास छान आलाय' असं म्हणून माझी थट्टाही केली.

यावरचा इलाज भिंतीवरच्या महागड्या डब्यात नाही. हार्डवेअरच्या दुकानात पाच गॅलनची बादली मिळते आणि तिच्यावर फिरवून बसणारं, रबरी कडा असलेलं हवाबंद झाकण वेगळं मिळतं. वीस पौंडांची पिशवी त्यात आरामात मावते. एका बादलीत ओक, दुसरीत सफरचंदाचं लाकूड, वर मार्करनं नाव. काम झालं की हॉपर रिकामा करून पेलेट परत बादलीत. तुमच्या डॅलसला आमच्यापेक्षा हवा कोरडी, पण वळवाचा पाऊस तुमच्याकडेही झोडपतोच. पेलेट चांगला आहे का ते बोटांनी कळतं: चांगला कट्टकन मोडतो आणि वरून चकाकतो, दमट झालेला राजगिऱ्याच्या लाडवासारखा भुगा होतो. कव्हर घ्याच, पण पाऊस थांबला की ते काढून यंत्राला तासभर वारा लागू द्या. आणि घर गरम करायच्या शेगडीचे पेलेट स्वस्त मिळतात म्हणून इथे वापरू नका, त्यांत कुठलं लाकूड आणि काय काय मिसळलेलं असतं ते अन्नाच्या हिशेबानं ठरवलेलं नसतं.

तिसरी गोष्ट राख. पेलेटची राख थोडीच होते, पण ती फायरपॉटमध्ये साठली की पेटवणारी कांडी तिच्यात गाडली जाते. मग पेलेट पेटत नाहीत, नुसते साठत राहतात, दाट पांढरा धूर कोंडतो आणि कधीतरी सगळं एकदम पेट घेतं. झाकण धाडकन उडाल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी मूळ हेच. गराजसाठी मिळतो तो लहान शॉप व्हॅक (व्हॅक्यूम क्लीनर) पुरतो. साधारण दोन पिशव्या पेलेट जळले की जाळी, तबक आणि उष्णता पसरवणारा पत्रा काढून आतलं सगळं ओढून घ्यायचं. पण आदल्या दिवशी स्मोकर लावला असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारीच, राख हाताला पूर्ण गार लागल्यावर. राखेखाली निखारा किती वेळ जिवंत राहतो, ते चूल पाहिलेल्याला सांगायला नको.

तेलकट थेंब गोळा करणाऱ्या तबकावर घालायचे तयार फॉइल मिळतात, त्यांना मी पैसे घालत नाही. घरातली जाड फॉइल घट्ट, सुरकुती न पडता बसवतो आणि चरबी बाहेर पडायचा मार्ग मोकळा आहे ना ते बघतो. चरबी साचून आत जाळ झालाच तर झाकण उघडायचं नाही आणि पाणी तर मुळीच ओतायचं नाही.

आता थोडी चैन. पेलेट स्मोकरबद्दल लोकांची जुनी तक्रार आहे की धुराची चव सौम्य येते. ती खरी आहे. पंख्याच्या वाऱ्यात पेलेट इतके स्वच्छ जळतात की धूर कमीच होतो, आणि तापमान जितकं वर न्याल तितका आणखी कमी. यावर पंधरा डॉलरची स्मोक ट्यूब हा नामी उपाय आहे: बारा इंच लांब, भोकांची स्टीलची नळी. पेलेट भरायचे, एका टोकाला गॅसच्या ज्योतीच्या टॉर्चनं मिनिटभर जाळ द्यायचा, पाच-सात मिनिटं पेटू द्यायचं, मग फुंकर मारून ज्योत विझवायची आणि नळी जाळीवर आडवी ठेवायची. चार तास तरी ती धुमसत राहते. आपल्याकडे वाटीत निखारा ठेवून वर तूप सोडून धुरी देतात, त्याच जातीचा हा प्रकार. फरक इतकाच, की हिला तूप लागत नाही. घाई करून ज्योत नीट न धरताच विझवलीत तर ती दहा मिनिटांत मरते, हे आधीच सांगून ठेवतो.

हातमोजे घ्या: आत सुती, वर नायट्राइलचे, म्हणजे रबरी. गरम मटणाचा खांदा उचलायला दुसरं काही नाही. भांडी उचलायला मात्र माझ्याकडे आईनं बॅगेत घालून दिलेली सांडशी आहे आणि तिच्यासमोर दुकानातले सगळे चिमटे फिके आहेत. जाळी घासायला तारेचा ब्रश नको. तार तुटून जाळीला चिकटते आणि तिथून घासात जाते, त्यापायी लोकांना शस्त्रक्रिया कराव्या लागल्यात. लाकडी खरवडणी घ्या, किंवा कोकणात घावनाच्या तव्याला तेल लावतात तसा अर्धा कांदा काट्याला टोचून गरम जाळीवर फिरवा.

मांस गुंडाळायचा गुलाबी बुचर पेपर ऑस्टिनच्या बार्बेक्यूवाल्या ॲरन फ्रँकलिननं घरोघरी पोचवला. तो ब्रिस्केटसाठी, म्हणजे बीफच्या छातीच्या मांसासाठी. मी बीफ खात नाही, पण बकऱ्याच्या खांद्याला तोच वापरतो. आतलं तापमान 160 च्या आसपास तासन्‌तास अडकून बसतं, कारण मांसाला घाम येतो आणि तो सुकताना उष्णता ओढून घेतो. कागदात गुंडाळलं की गाडी पुढे सरकते. एक रोल वर्षभर जातो.

काय सोडायचं ते भराभर: मांस सुटं करायचे अस्वली पंजे (दोन काटे पुरतात), कोंबडी उभी करायचं सिंहासन, रिब रॅक, मसाला टोचायची सुई, नावाचा ॲप्रन. थंडीतलं इन्सुलेशनचं ब्लँकेट मिनेसोटावाल्यांनी घ्यावं, टेक्ससमध्ये वर्षातून चार दिवसांसाठी कशाला? बाहेरची एक्स्टेन्शन कॉर्ड लागत असेल तर मात्र काटकसर नको, जाड आणि तीन पिनांचीच घ्या. आणि यंत्र बंद करताना थेट प्लग ओढू नका. पंखा उरलेले पेलेट जाळून संपवतो, तोवर थांबा, नाहीतर आग ऑगरमधून मागे सरकू शकते. वीज गेली की हे सगळं ठप्प, हे विसरू नका. 2024 च्या जुलैत बेरिल वादळानं आमच्याकडे वीज घालवली तेव्हा माझा स्मोकर नुसता शोभेला होता आणि शेजाऱ्याच्या साध्या कोळशाच्या शेगडीवर अख्ख्या गल्लीचा स्वयंपाक झाला.

मी घेतलं त्या भावांनी दोन्ही थर्मामीटर, दोन बादल्या झाकणांसकट, ट्यूब, मोजे आणि लहान व्हॅक मिळून तुमच्या दोनशेत बसतं. व्हॅक घरात असेलच तर त्या पैशांत शाकाहाराची सोय होईल, आणि ती दुकानातला कुणी तुम्हाला सुचवणार नाही.

भोकं पाडलेली स्टीलची दोन तबकं घ्या आणि ती फक्त शाकाहारासाठी ठेवा. माझ्या तबकांच्या कानाला हिरवी दोरी बांधलेली आहे. न विचारता पाहुण्यांना कळतं, आणि ज्यांना चालत नाही ते निवांत जेवतात. यंत्राला वरची छोटी जाळी असेल तर ही तबकं तिथेच जायला हवीत, मांसाखाली कधीही नाही, कारण थेंब खालीच पडतात. त्याहून बरं म्हणजे मांस लावायच्या आधी त्यांचं उरकून घ्या. पनीर वितळत नाही, त्यामुळे जाड तुकडे 200 वर तासभर ठेवा, ट्यूब लावून. बाहेर पिवळसर कड येते, आतून मऊ राहतं. मग त्याचं काहीही करा, नुसत्या चाट मसाल्यावरही संपतं. कणसं सालासकट, कांदे अख्खे, आणि टोमॅटो ठेचा करण्यापुरते. धुरातल्या टोमॅटोचा ठेचा आमच्याकडे मटणाआधी संपतो.

वांग्याचं मात्र जपून. इथे उष्णता झाकणाखाली फिरते, ज्योत वांग्याला लागत नाही. 400 वर पाऊण तासात ते मऊ पडतं, साल सुरकुतते, पण करपत नाही. काही मॉडेलांत फायरपॉटवरची झडप सरकवून थेट जाळ घेता येतो. तुमच्यात ती असेल तर नशीबवान आहात. माझ्यात नाही. आई इथे आली होती तेव्हा मी मोठ्या हौसेनं त्याचं भरीत केलं. तिनं एक घास घेतला आणि म्हणाली, "धूर लागलाय रे, पण वांगं भाजलं नाहीये." तेव्हापासून वांगी तासभर धुरात ठेवतो आणि शेवटची पाच मिनिटं आत स्वयंपाकघरात, गॅसच्या ज्योतीवर, चिमट्यात धरून फिरवतो.