म्हाताऱ्याचं सोनं झालं, पण लेकीचं काय?

"मॅडम, आबा एक्क्याण्णव वर्षांचे होऊन गेले. नातवंडं, पतवंडं मांडीवर खेळवून गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, म्हाताऱ्याचं सोनं झालं. मग मलाच का सावरता येत नाहीये?"

समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. शब्द थोडे वेगळे असतात, विचारणारे बहुतेक पन्नाशी-साठीचे असतात आणि विचारताना ओशाळलेले असतात. इतक्या वयाच्या माणसासाठी इतकं रडणं शोभत नाही, असं त्यांना कुठेतरी वाटत असतं. या ताईंची परवानगी घेऊन त्यांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई साठ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. सातारा जिल्ह्यातलं गाव. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत हे काही नवल नाही. अपशिंगे गावाच्या तर नावातच 'मिलिटरी' आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले. ताईंचे आबाही १९५२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, भरती झाले. घरी सुतारकाम पिढीजात, त्यामुळे खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे पूल-रस्ते बांधणाऱ्या लष्कराच्या अभियंता दलात, गेले आणि हातात बंदुकीबरोबर रंधाही राहिला. बावीस वर्षांनी हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले आणि वडिलांच्या पडवीत स्वतःचा कारखाना मांडला. कारखाना म्हणजे एक ठोकळा, एक पत्र्याचं छप्पर आणि हत्यारांची पेटी. पंचक्रोशीतल्या चौकटी, कुळव, पाभरी, देव्हारे, पाळणे, सगळं तिथून गेलं. त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत त्यांनी करवत सोडली नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्या भेटीत ताई यातलं एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

त्या बोलल्या शेवटच्या पाच महिन्यांबद्दल. आबा मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं, मग अंथरूण. पाठीला जखमा झाल्या. रात्री-अपरात्री हाका मारायचे, एकच गोष्ट पाच-पाचदा विचारायचे. एका रात्री तीन वाजता ताई त्यांच्यावर ओरडल्या, "आबा, किती वेळा तेच तेच! माणूस आहे मी!" त्यानंतर अकराव्या दिवशी आबा गेले. दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. घाटावरची मंडळी समाधानानं म्हणाली, बघा, आबांचं काही राहिलं नव्हतं.

"माझं राहिलं होतं की," ताई म्हणाल्या आणि मग बराच वेळ रडल्या.

मी त्यांना थांबवलं नाही. पाणी पुढे ठेवलं. घरी चार महिन्यांत त्यांना सलग दहा मिनिटं कुणी रडू दिलं नव्हतं. प्रत्येक जण "वय झालं होतं हो" म्हणून गप्प करत होता. हे वाक्य वाईट मनानं कुणी म्हणत नाही, तरी ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की तुझ्या दुःखाला आता जागा नाही. मला उलट वाटतं. साठ वर्षं जे माणूस आपल्या जगात होतं, ते गेल्यावर त्याची सवय मोडायला जास्तच वेळ लागणार. आईवडील आपण विशीत असताना गेले तर माणूस त्यांच्याविना जगायला शिकतं. ताईंना साठाव्या वर्षापर्यंत ते शिकायची वेळच आली नव्हती.

ओरडल्याबद्दल मी "तुम्ही किती केलंत त्यांचं" असं म्हणाले नाही. ते त्यांना शंभर जणांनी सांगून झालं होतं आणि त्याचा उपयोग होत नव्हता. मी विचारलं, तुम्ही ओरडल्यावर आबा काय म्हणाले?

त्यांना आठवायला वेळ लागला. ओरडल्यापाशीच त्यांची आठवण रोज थांबत होती, पुढे कधी गेलीच नव्हती. मग म्हणाल्या, "काही नाही. माझ्याकडे बघितलं. म्हणाले, जेवलीस का?"

रात्रीचे तीन वाजलेले. मी त्यावर काही बोलले नाही, त्यांनीही नाही.

दुसऱ्या भेटीत खरी अडचण बाहेर आली. "डोळे मिटले की ते अंथरूण दिसतं. आधीचे आबा दिसतच नाहीत. चेहरा आठवायला फोटो काढावा लागतो." ही तक्रार फार जणांची असते आणि त्यामुळे माणसं घाबरतात. आपलं प्रेमच कमी होतं का, अशी शंका घेतात. तसं काही नसतं. रात्रंदिवस सेवा करताना मन सतत सावध असतं, आता काय होईल म्हणून कान टवकारलेले असतात. त्या सावधपणात पाहिलेलं ठसठशीत उमटतं. कारखान्यातली शांत दुपार त्या जोरानं कोरली जात नाही. ती पुसली गेलेली नसते, मागे सरकलेली असते.

मी त्यांना आबांची एखादी वस्तू घेऊन या म्हटलं होतं. मला वाटलं होतं पदकं आणतील. आणली ती घडीची लाकडी पट्टी, वापरून कडा गोल झालेली, पितळी बिजागऱ्यांची. आबा शेवटपर्यंत इंच आणि सूत यांतच बोलायचे, इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. त्यावरूनच मला पुढचं सुचलं. किराणा दुकानातला खाकी कागद आणायला सांगितला. आबांच्या एका वर्षाला एक इंच धरू, म्हटलं. कागद माझ्या खोलीत मावेना, दाराबाहेर व्हरांड्यात गेला. सात फूट सात इंच.

"आता शेवटचे पाच महिने दाखवा."

त्यांनी पट्टी लावली. शिक्षिकाच त्या, हिशेब तोंडी केला. "तीन सुतांहून जरासं जास्त." पेन्सिलीनं खूण केली आणि सात फुटांच्या त्या कागदाकडे बघत उकिडव्याच बसून राहिल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तीन सूत पुसायचे नव्हते. ते आबांचेच होते, त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात कष्टाचं काम आबांनी आणि ताईंनी मिळून त्या तीन सुतांत केलं होतं. पण उरलेला कागद कोरा ठेवायचं कारण नव्हतं. पुढचे दोन महिने आम्ही तो भरत होतो.

सोपं नव्हतं ते. एकतीस ते एक्केचाळीस या इंचांशी ताई अडखळल्या. त्यांचा जन्म १९६४ चा. आबा कायमचे घरी आले तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. त्याआधी वर्षाकाठी एका रजेत भेटणारे गणवेशातले गृहस्थ, ट्रंकेला विशिष्ट वास असणारे. "मी आईच्या पदराआड लपायचे. सगळे म्हणतात आबा किती घरवेडे, पण माझ्या लहानपणी ते नव्हतेच." हे त्या आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मी तो हात काढायला सांगितला. गेलेल्या माणसाबद्दल फक्त चांगलंच आठवायचं ठरवलं, तर जो आठवतो तो आपला माणूस राहत नाही. राग असेल तर रागही त्या कागदावर यायला हवा.

तो आला, आणि त्याच्या पाठोपाठ पत्रं आली. निळी आंतरदेशीय पत्रं, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात गाव नाही, नुसतं ५६ एपीओ, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक. आईला वाचता येत नव्हतं, तेव्हा दुसरीत गेल्यापासून ताईच ती पत्रं वाचून दाखवायच्या. जोडाक्षर अडलं की आई अंदाजानं सांगायची. १९७१ च्या डिसेंबरात पत्र येईना. आई संध्याकाळी चावडीवरच्या रेडिओपाशी उभी राहायची. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाल्याचं कळलं, गावानं साखर वाटली, पण आईनं ती साखर पुडीत तशीच ठेवली. पत्र आल्यावर खाल्ली.

"म्हणजे मी वाचायला आबांमुळे शिकले," ताई म्हणाल्या. पस्तीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलेल्या बाईंना हे तोवर सुचलं नव्हतं.

लढाईतलं आबा फार बोलायचे नाहीत. सांगायचे ते एकाच गोष्टीबद्दल, बेली पुलाबद्दल. लोखंडी चौकटी जोडत पुढे ढकलायचा हा पूल. पूर्व बंगालात नद्याच नद्या, पूल उडवलेले, आणि सॅपर्सनी वाट केल्याशिवाय कुणाला पुढे जाता येत नाही. दहा फूट लांब, पाच फूट उंच अशी एकेक चौकट, वजन अडीचशे किलोंच्या वर, उचलायला सहा माणसं. लग्नाच्या मांडवात नातवंडांना ओळीनं उभं करून लांब बाकडं कसं उचलायचं ते आबा शिकवायचे: एकानं घाई केली की पाच जणांचे हात जातात. 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही १९७१ च्या युद्धाची पदकं पेटीत, पटाश्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेली होती. मला हे फार बोलकं वाटतं. ताईंना ती सापडली तेव्हा त्यांना तेलाचा डाग लागलेला होता.

मधल्या काळात ताई भावावर चिडलेल्या होत्या. "त्याच्या डोळ्यांत टिपूस नाही. तिसऱ्या दिवसापासून बँक, मृत्यूचा दाखला, आईचं कुटुंब निवृत्तिवेतन, सैनिक कल्याण कार्यालयाच्या फेऱ्या. बास." मी विचारलं, हत्यारांना गंज लागला असेल ना आता? त्या म्हणाल्या, नाही, तो दर रविवारी पेटी उघडतो, तेल लावतो, परत बंद करतो. सांगता सांगता त्याच थांबल्या. काही माणसं डोळ्यांनी रडतात, काही हातांनी. एकाच घरात दोन्ही असली की एकमेकांना दगड समजतात.

त्या रविवारी ताई भावाशेजारी जाऊन बसल्या. दोघांनी मिळून वेगळीच यादी काढली: आबांच्या हातचं काय काय अजून वापरात आहे. मारुतीच्या देवळाचा दरवाजा, शाळेतले बाक, भावकीतले पाळणे, प्रत्येक लेकीला लग्नात दिलेले पाट. पाभरी ट्रॅक्टर आल्यावर गेल्या, तरी एक कुणाच्या तरी गोठ्यात होती. लोक वस्तू दाखवत आणि एकेक गोष्ट सांगत. पैसे नसताना घातलेली चौकट. सुनेला माहेरचा पाळणा यायच्या आधीच दारात आणून ठेवलेला पाळणा. ताईंना माहीत नसलेले आबा असे दारोदार भेटत गेले. यादी चौसष्टवर गेली तेव्हा कागदावर जागा उरली नव्हती.

वाचणाऱ्यांच्या मनात एक प्रश्न असेल, तो लगेच सांगून टाकते. किती दिवस रडणं ठीक? चार महिने मुळीच जास्त नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत सहा महिन्यांनंतर आणि अमेरिकी निकषांत मोठ्या माणसांसाठी वर्षानंतरही दुःखाची धार तशीच राहून रोजचं जगणं ठप्प असेल, तरच त्याला लांबलेलं दुःख म्हणून उपचारांचा विचार करतात. आपल्याकडे मासिकं आणि मग वर्षश्राद्ध घालतात, त्या रीतीतही हा काळ गृहीत धरलेलाच आहे. मात्र जेवणखाण सुटलं, झोप पार उडाली किंवा आपणही जावं असं मनात येऊ लागलं, तर सहा महिने मोजत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

ताईंवर ती वेळ आली नाही. अंथरूण अजून दिसतं त्यांना, पण एकटं दिसत नाही. तेव्हाच ट्रंकही दिसते, चावडीवरचा रेडिओ दिसतो, कानामागे पेन्सिल खोचलेले आबा दिसतात.

पट्टी इतके दिवस माझ्या टेबलावरच राहिली होती. परवा त्यांचा फोन आला. आवाज घाईत होता.

"मॅडम, पट्टी घ्यायला भाच्याला पाठवू का? पावसानं आईच्या खोलीचं दार फुगलंय. भाऊ म्हणतो, आबांच्याच पट्टीनं मोजायचं."