आम्ही खारघरचे, आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच बँकॉकला चाललोय, ते पहिल्यांदाच देशाबाहेर येताहेत, फ्लाइट रात्री 1 वाजता पोहोचते, एअरपोर्टवरून टॅक्सी कशी पकडावी? फसवतात का? की ग्रॅब (टॅक्सीचं ॲप) बरं?

तुम्ही खारघरचे आहात आणि आई-बाबा पहिल्यांदाच देशाबाहेर चाललेत असं प्रश्नात लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी ठाण्याची, चरईत राहते. बँकॉकला दोनदा जाऊन आले, पहिल्यांदा 2017 मध्ये नवऱ्याबरोबर आणि दुसऱ्यांदा मागच्या वर्षी आईला घेऊन. पहिल्या वेळी फसलो, दुसऱ्या वेळी नाही, आणि दोन्ही वेळा एअरपोर्ट तोच होता.

पहिल्यांदा काय झालं ते आधी सांगते. सामान घेऊन बाहेर आलो, तो दुसरा मजला असतो, तिथे शर्टाला ओळखपत्र लावलेला एक माणूस समोर आला, हातात लॅमिनेट केलेला कागद, त्यावर सगळ्या एरियांची नावं आणि पुढे रेट. छान इंग्लिश बोलत होता, मॅडम टॅक्सी, ऑफिशियल टॅक्सी म्हणाला, आमची बॅग स्वतःच ढकलायला लागला. सुखुमवितला, म्हणजे शहरातल्या आमच्या हॉटेलच्या भागात, 1200 बाथ (थायलंडचं चलन). आम्हाला वाटलं एअरपोर्टचाच माणूस आहे, प्रीपेडसारखंच काहीतरी असेल, आणि दिले. हॉटेलवर पोहोचल्यावर रिसेप्शनच्या मुलीने विचारलं कितीला आलात, आकडा ऐकून ती गप्प झाली आणि मग हळूच म्हणाली की मीटरने टोल धरून 400 च्या आसपास होतात.

मला आजही त्यातल्या पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं जास्त वाटतं. ठाणे स्टेशनला वेस्टला उतरलो की चारी बाजूंनी माजिवडा, कापूरबावडी, घोडबंदर असा ओरडा चालू असतो, आपण मान वर न करता सरळ रांगेच्या दिशेने चालायला लागतो. कोण खरा कोण लुबाडणारा हे आपल्याला न बघता कळतं. परदेशात तेच आपण थांबतो, का तर समोरचा माणूस नम्रपणे बोलतोय, आपण दमलेलो असतो, सोबत म्हातारी माणसं असतात आणि नाही म्हणायचा संकोच वाटतो. तर माझं पहिलं सांगणं हेच आहे की हॉलमध्ये जो स्वतःहून तुमच्याकडे चालत येतो त्याच्याबरोबर जायचं नाही, कितीही चांगला वाटला तरी. थांबायचं पण नाही, हात हलवून पुढे जायचं, त्यात काही उद्धटपणा नाही.

आता योग्य पद्धत. आधी तिकिटावर बघा फ्लाइट कुठे उतरतेय, कारण बँकॉकला दोन एअरपोर्ट आहेत. बीकेके लिहिलं असेल तर सुवर्णभूमी (हो, नाव आपल्यासारखंच आहे, उच्चार ते सुवन्नाफूम करतात), आणि डीएमके असेल तर डॉन मुआंग, तिकडे काही स्वस्तातल्या फ्लाइट जातात. मी खाली लिहिलंय ते सुवर्णभूमीचं.

दुसऱ्या मजल्यावरून लिफ्टने किंवा सरकत्या जिन्याने पहिल्या मजल्यावर या. पब्लिक टॅक्सीचे बोर्ड आहेत, त्यांच्या मागे बाहेर पडलं की रांग आणि टच स्क्रीनची मशीनं दिसतात. साधी टॅक्सी, मोठी टॅक्सी, जवळचं अंतर असे पर्याय असतात. तुम्ही तिघं आणि मोठ्या बॅगा असतील तर मोठी घ्या. बटण दाबलं की एक चिठ्ठी बाहेर येते, त्यावर लेनचा नंबर असतो, त्या नंबरखाली जी टॅक्सी उभी ती तुमची. ड्रायव्हर आपण निवडायचा नाही आणि त्यानेही आपल्याला निवडायचं नाही, हेच त्यातलं चांगलं. ती चिठ्ठी ड्रायव्हरला देऊन टाकू नका, काही जण हात पुढे करून मागतात. त्यावर टॅक्सीची माहिती असते, तक्रार करायची वेळ आली किंवा गाडीत बॅग राहिली तर तोच कागद उपयोगी पडतो. मी आईच्या पर्समध्ये ठेवायला दिली होती आणि तिने ती हॉटेलच्या खोलीत जाईपर्यंत मुठीतच धरली होती.

बसल्या बसल्या मीटर म्हणायचं, शब्द तिकडेही जवळपास तोच आहे. साध्या टॅक्सीचा मीटर 35 वर सुरू होतो, लाल आकड्यांत समोरच दिसतो, तो पेटल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. आमचा दुसऱ्या वेळचा ड्रायव्हर रांगेतला होता तरी त्याने विचारून बघितलंच, नो मीटर, 600. मी फक्त मीटर प्लीज म्हटलं आणि दाराच्या हँडलवर हात ठेवला, त्याने लगेच पाडला. भांडण नाही, आवाज नाही. नसता पाडला तर मी उतरून पुन्हा रांगेतल्या माणसाकडे गेले असते, तुम्हीही तेच करा, दुसरी टॅक्सी मिळते.

मीटरच्या वर दोन गोष्टी द्याव्या लागतात आणि त्या फसवणूक नाहीत, एअरपोर्टचे 50 बाथ आणि टोल. वाटेत ड्रायव्हर थांग दुआन असं काहीतरी विचारेल, म्हणजे एक्स्प्रेसवेने नेऊ का. टोलनाक्यावर तो मागे हात करतो, तेव्हाच सुटे द्यायचे, आमचे आधी 25 आणि मग 50 गेले. मीटरवर 290 च्या आसपास झाले होते. एअरपोर्ट शहरापासून साधारण 30 किलोमीटर आहे, रात्री रस्ते मोकळे असतात त्यामुळे तुमचं एवढ्यातच व्हायला हरकत नाही.

सुट्या पैशांचं आधी बघा. 1000 ची नोट दिली की चेंज नाही म्हणतात, खरंच नसतात कधीकधी. 20 ची हिरवी आणि 100 ची लाल, या नोटा वेगळ्या खिशात ठेवा, आणि टोलचं काम बाबांकडे द्या म्हणजे तुमचं लक्ष मॅपवर राहील. थोडे बाथ इथूनच घेऊन गेलात तर बरं, कारण तिकडच्या एटीएमला आपलं कार्ड घातलं की प्रत्येक वेळी 220 किंवा जास्त बाथ चार्ज कापतात.

ग्रॅबचं विचारलंत. चालतं, मी शहरात फिरताना तेच वापरलं. उबर तिकडे नाही, 2018 मध्येच त्यांनी त्या भागातला धंदा ग्रॅबला विकला. भाडं आधी दिसतं हा मोठा फायदा, पण एअरपोर्टवरून मीटरपेक्षा महाग पडू शकतं आणि ड्रायव्हर नेमका कुठल्या गेटला आलाय हे रात्री एक वाजता आई-बाबा आणि ट्रॉली घेऊन शोधत बसावं लागतं. मोबाईलमध्ये ॲप इथेच घालून, कार्ड जोडून, ओटीपी वगैरे सगळं इथेच उरकून जा, म्हणजे टॅक्सीची रांग फार मोठी असेल तर हाताशी दुसरा मार्ग राहील. ट्रेन पण आहे, तळमजल्याच्या खालून एअरपोर्ट रेल लिंक सुटते, शहरातल्या फाया थाई स्टेशनपर्यंत साधारण अर्ध्या तासात, 45 बाथमध्ये, पण ती मध्यरात्री बंद होते त्यामुळे तुमच्या उपयोगाची नाही. परतीच्या वेळी दिवसाची फ्लाइट असेल तर विचार करा.

टॅक्सीचे रंग बघून गोंधळू नका, गुलाबी, निळ्या, केशरी सगळ्या चालतात, हिरवी-पिवळी म्हणजे बहुतेक ड्रायव्हरची स्वतःची. काही वाईट अनुभव आलाच तर 1155 टुरिस्ट पोलीस, त्यांच्याकडे इंग्लिश बोलणारे असतात, आणि टॅक्सीच्या तक्रारीला 1584. दोन्ही नंबर सेव्ह करून ठेवा.

ही रांगेची गोष्ट फक्त बँकॉकची नाही. नवऱ्याचं कामाने फिरणं होतं, तो कुठेही जाण्याआधी एवढंच शोधतो की एअरपोर्टची अधिकृत रांग कुठल्या मजल्यावर आहे आणि तिथे भाडं मीटरने असतं की ठरलेलं. दुबईत एअरपोर्टवरून मीटर 25 दिरहमवर सुरू होतो, पॅरिसला मोठ्या एअरपोर्टवरून शहरात यायचं भाडं सरकारनेच ठरवून दिलंय. हे आधी माहीत असलं की समोरचा काय सांगतोय ते पडताळता येतं.

आणि एक काम आजच करा. हॉटेलला मेल टाकून त्यांचा पत्ता थाई लिपीत मागवा, फोन नंबरसकट. आपण इंग्लिशमध्ये नाव दाखवतो ते बऱ्याच ड्रायव्हरना वाचता येत नाही, वयस्कर असतील तर अजिबातच नाही. सुखुमवितला राहणार असाल तर सोईचा, म्हणजे गल्लीचा, नंबर नक्की हवा, विषम नंबर एका बाजूला आणि सम दुसऱ्या बाजूला आहेत आणि चुकीच्या बाजूला सोडलं तर बॅगा घेऊन अख्खा रस्ता ओलांडायला लागतो. तो पत्ता मोठ्या अक्षरात प्रिंट काढा, दोन प्रती, एक आईकडे. आमच्या ड्रायव्हरने गाडीतला दिवा लावला, चष्मा डोळ्यावर चढवला, कागद वाचला आणि हॉटेलला स्वतःच फोन लावून रस्ता विचारून घेतला, त्यानंतर मला मॅप उघडायची गरजच पडली नाही. हॉटेलवाल्यांचं उत्तर यायला एखादा दिवस जातो, म्हणून म्हटलं आजच करा.