मिस्त्रींच्या म्हणी कुठवर ऐकायच्या?

प्रश्न : मिस्त्रीकाका, निवृत्तीनंतर हौसेनं लाकूड कातायचा छोटा लेथ घेतलाय. शेजारच्या दुकानातले मिस्त्री येताजाता टोमणे मारतात : 'दोनदा माप, एकदा काप', 'आधी हातानं, मग बटणानं', 'पॉलिश मारलं की सगळं झाकतंय'. भर पावसाळ्यात आणलेल्या ओल्या कडुनिंबाचा मी पोळपाट कातला, तो चैत्रात चिरला. त्यावर म्हणाले, 'लाकडाला सोलापूर सोसलं नाही ओ!' ही नुसती चेष्टा समजायची, की यात काही घेण्यासारखं आहे? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : साहेब, आमच्या म्हणी दोन जातींच्या. काही लाकडासाठी, काही गिऱ्हाइकासाठी. दोन्ही एकाच तोंडातून, तशाच हसत बाहेर पडतात, म्हणून नवख्याचा घोटाळा होतो.

'आधी हातानं, मग बटणानं' ही लाकडाची. ठोकळा लेथवर चढवला की हातानं एक पूर्ण फेरा द्यायचा. कोपरा हत्यार टेकवायच्या पट्टीला लागत असेल तर तिथंच टक् करून सांगतो. बटण दाबल्यावर तोच कोपरा ठोकळा भिरकावून देतो. तिचीच धाकटी बहीण : 'लेथला मफलर लई आवडतो.' उपरणं, सैल बाही, हातमोजेसुद्धा काढून ठेवा. मोजे घातले की हात वाचतो असं वाटतं, पण फिरत्या लाकडानं मोजा पकडला की तो हाताला घेऊनच जातो. मापाची म्हण तर तुम्हाला पाठच आहे, तिच्यावर काय बोलायचं.

पोळपाटावरचा टोमणा मात्र शंभर टक्के खरा. लाकूड सुकताना आडवं आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यात कापलेल्या टोकांतून ओल सगळ्यात लवकर उडते. आपल्याकडं चैत्र-वैशाखात पारा ४० च्या वर, हवा कोरडी ठणठणीत. बाहेरचं सुकून आक्रसतं, आतलं ओलंच असतं, मग चीर पडणार नाही तर काय! ओलं लाकूड मिळालं तर टोकांना मेण नाहीतर उरलासुरला ऑइल पेंट फासा, सावलीत ठेवा, फळ्या असतील तर मध्ये पट्ट्या घालून रचा. घाई असेल तर पोळपाट आधी जाडसर कातून ठेवा. सुकताना वाकडा होईल, होऊ द्या. नंतर लेथवर परत चढवून मापात आणा.

आता 'पॉलिश मारलं की सगळं झाकतंय'. ही गिऱ्हाइकाला गप्प करायची म्हण. ती स्वतःला ऐकवायची नाही. लेथवर सँडपेपर मारला की गोल ओरखडे उठतात. कोऱ्या लाकडावर ते दिसतही नाहीत, पण पॉलिश त्यांत जाऊन बसलं की एकेक रेघ उघडी पडते. फट भुसा आणि फेविकॉलनं बुजवली असेल तर तेवढा ठिपका रंग पीत नाही, फिका राहतो. शेवटी लेथ थांबवून लाकडाच्या रेषांच्या दिशेनं हातानं पेपर फिरवा. १२० नंबरच्या पेपरनंतर एकदम बारीक २४० वर उडी नको, मधला १८० घ्या.

आपल्या गावात ही म्हण जिथं अजिबात चालत नाही ती जागा म्हणजे मागाचा लाकडी धोटा. तो आडवा धागा घेऊन ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांमधून सारखा इकडून तिकडं पळतो. त्याच्यावर एवढीशी कूस राहिली तरी धागे तुटतात. विणकर चादर घेऊन भांडायला येत नाही, धोटाच तुमच्या टेबलावर आपटतो! पॉलिश लावण्याआधी तुम्हीही कापसाचा बोळा घ्या आणि लेथ बंद ठेवून पोळपाटाच्या कडेवरून हलका फिरवा. बोटाला गुळगुळीत लागलेल्या जागीही तंतू अडकतात. जिथं अडकले, तिथं परत पेपर.

प्रश्न : काका, आमचे मिस्त्री 'उद्या येतो' म्हणतात. हा उद्या नेमका कधी? – एक गृहिणी, होटगी रोड

उत्तर : ताई, ही दुसऱ्या जातीची म्हण, आणि सगळ्यात जुनी! 'कधी येता' विचारू नका, 'आत्ता कुठल्या घरी काम चाललंय' विचारा. तिथलं पॉलिश सुरू झालं असेल तर तुमचा नंबर जवळ आलाय. अजून प्लायच कापत असतील, तर संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेआधी कपाट होईल ही आशा सोडा. आणि सगळे पैसे आधी देऊ नका, दारं बसेपर्यंत थोडे हातचे राखा.