पेरूचं खोड आणि तीन फुटाची टाकी

प्रश्न: काका नमस्कार, आम्ही अनगोळला नवीन घर बांधलंय, हॉलमधे ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी माशांसाठी काचेची टाकी करून घेतली, अजून पाणी घातलेलं नाही. दुकानात निळे खडे आणि प्लास्टिकची झाडं दाखवतात ते मला नको, ओढ्याकाठी झाडाचं मूळ अडकलेलं असतं ना तसं खरं लाकूड पाहिजे, वर मॉस म्हणजे ती पाण्यातली मऊ हिरवी वनस्पती, खाली वाळू. खानापूरला मामांच्या परड्यात पेरूचं जुनं वाळलेलं खोड पडलंय आणि मित्र म्हणतोय जांबोटीच्या जंगलात पाहिजे तेवढी लाकडं मिळतात, जाऊन आणू. कुठलं घेऊ आणि सुरुवात कुठनं करू? – एक वाचक, अनगोळ, बेळगाव

उत्तर: पाणी घातलं नाहीस हे फार चांगलं केलंस बघ, कारण अर्धं काम कोरड्या टाकीतच होतं. आधी जंगलाचा विषय संपवू. तिकडचा बराच भाग भीमगड अभयारण्यात येतो, तिथनं लाकूड उचलणं गुन्हा आहे, आणि जंगलात पडलेलं लाकूड कुणाचं तरी घर असतं रे, किडे, बेडूक, बुरशी सगळं त्याच्यावर जगतंय, तेव्हा ते तिथंच राहू दे.

मामांचं पेरूचं खोड मात्र सोडू नको. पेरूचं लाकूड कठीण, पाण्यात लवकर कुजत नाही आणि फांद्यांना जो वळसा असतो तो विकत मिळत नाही. फक्त ते पूर्ण वाळलेलं पाहिजे, नख रुतलं तर आत कुजलंय असं समज आणि तेवढा भाग कापून टाक. साल सगळी काढायची, नाहीतर ती टाकीत सुटून कुजत राहते. मामांना एक विचार, त्या परड्यात फवारणीचा पंप धुतात काय, औषधं ठेवतात काय, धुवत असतील तर ते लाकूड नकोच. निलगिरी, पाइन असली तेला-डिंकाची आणि वड, उंबर, शेर असली चिकाची लाकडंसुद्धा टाळ.

आता भिजवणं. ड्रममधे दगड ठेवून लाकूड बुडवायचं, दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं, जाड खोडाला महिनाभर लागतो, कधी जास्त. मोठ्या हंड्यात मावत असेल तर चुलीवर तासभर उकळ म्हणजे किडेबिडे मरतात आणि रंगही लवकर सुटतो. साबण, सोडा काही लावायचं नाही. आणि तरीही तरंगलं तर? घर नवीन म्हणजे ग्रॅनाइटचा एखादा तुकडा उरलेला असणारच, तो लाकडाच्या बुडाला स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूनं बसव आणि वाळूखाली दाब. शहाबादी किंवा कडप्पा मात्र वापरू नको, ते चुनखडीचे दगड, पाणी जड करतात.

लाकूड भिजतंय तोवर प्लॅन कर, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. टाकीच्या तळाएवढा, म्हणजे ३६ बाय १५ इंचाचा पुठ्ठा जमिनीवर ठेव, त्यावर वाळू पसर आणि लाकूड वेगवेगळं ठेवून मोबाइलवर समोरनं फोटो काढ, चार दिवस रोज बघ. अगदी मधोमध ठेवलं की शोकेससारखं दिसतं, म्हणून एका बाजूनं साधारण २२ इंचावर मुख्य खोड ठेव. जपानचे ताकाशी आमानो (१९५४–२०१५), ज्यांच्यामुळं नेचर अक्वेरियम, म्हणजे निसर्गासारखी टाकी सजवायची, ही कल्पना जगभर गेली, तेसुद्धा मुख्य गोष्ट अशी मधापासनं बाजूला ठेवायचे. उंची १२ इंचापर्यंत बास, काचेपासनं दोन इंच लांब, नाहीतर शेवाळ घासायला हात जाणार नाही. फांद्यांचा कल एकाच दिशेला, पुरानं ओढत आणून टाकल्यासारखा. पावसाळा सरल्यावर मलप्रभेच्या काठाला जाऊन नुसतं बघ, मुळाच्या मागं वाळू कशी साठते, बारीक खडे कुठं गोळा होतात, ते डोक्यात बसलं की हात आपोआप तसा चालतो. वाळू पुढं दीड इंच, मागं चार इंच असा उतार दे, खोली दिसते.

दगड टाकायचे तर काळा दगड चालतो, गोकाक बाजूचा गुलाबीसर वाळूचा दगडही सुंदर दिसतो. कुठलाही दगड आधी व्हिनेगर टाकून बघ, फेस आला तर चुना आहे, टाकीत घालू नको. आपला जांभा दिसायला छान पण भुसभुशीत, पाणी लाल करतो.

झाडं सोपी घे, अनुबियास आणि जावा फर्न. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, कुजतं, दोऱ्यानं लाकडावर बांधायचं किंवा फेविक्विकचा थेंब लावायचा. मॉस पातळ पसरून बांध, जाड थर खालनं सडतो. लाइट सहा-सात तास, खिडकीचं ऊन नको. तुझ्या टाकीत साधारण १६० लिटर पाणी बसतंय, वाळू-दगड-काच धरून वजन दोनशे किलोच्या वर जाणार, तेव्हा स्टँड मजबूत पाहिजे आणि टाकीच्या बुडाखाली थर्माकोल. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते घालवायचं औषध टाकून मगच टाकीत घाल. आणि मासे चार ते सहा आठवड्यांनी, माशांची घाण पचवणारे फिल्टरमधले जिवाणू तयार झाल्यावर, टेस्ट किटमधे अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसलं की पाच-सहा छोटे मासे आधी, बाकीचे हळूहळू.

प्रश्न: आठ दिवस झाले टाकीत लाकूड ठेवून, त्याच्यावर पांढरं कापसासारखं चिकट आलंय आणि पाणी कोऱ्या चहासारखं झालंय. घरचे म्हणतात लाकूड फेकून द्या, काय करू? – एक वाचक, निपाणी

उत्तर: ताई, फेकू नका. पांढरं ते नवीन लाकडावर येतंच, लाकडातनं सुटणाऱ्या साखरेवर वाढणारी बुरशी आणि जिवाणू आहेत, माशांना त्रास नाही. जुन्या टूथब्रशनं घासून पाइपनं ओढून घ्या, काही आठवड्यांत आपोआप थांबतं, गोगलगायी असतील तर त्या खातात. चहाचा रंग लाकडातनं सुटणाऱ्या टॅनिनचा, देशी बदामाची वाळलेली पानं लोक मुद्दाम टाकतात ती ह्याच्यासाठीच. डोळ्याला नकोच वाटत असेल तर फिल्टरमधे अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घाला. पण लाकूड काळं पडून मऊ झालं, कुजक्या अंड्याचा वास आला तर त्याच दिवशी बाहेर काढा. आणि तुमच्याकडं तंबाखूची शेती जास्त, लाकूड बांधावरचं असेल तर तिथं कुठली फवारणी झाली होती हे नक्की विचारा, तांब्याच्या औषधाचा अंशसुद्धा श्रिंप म्हणजे छोट्या कोळंब्या आणि गोगलगायींना मारतो.

प्रश्न: लाकूड खरवडायला आणलेला सकर मासा फूटभर वाढला, टाकीत मावत नाही. हिरण्यकेशीत सोडला तर चालेल काय? – एक वाचक, संकेश्वर

उत्तर: अजिबात सोडू नका. तो दक्षिण अमेरिकेतला मासा, आपल्याकडच्या बऱ्याच तळ्या-नद्यांत लोकांनी सोडून सोडून पसरलाय, काठ पोखरतो, जाळी फाडतो, स्थानिक माशांचं खाणं संपवतो. दुकानात परत विचारा, किंवा पाच-सहा फुटाची टाकी असणाऱ्या कुणाला तरी द्या. नेताना पिशवी नको, काटे असतात, झाकणाच्या बादलीतनं न्या.